फक्कीचा बांध

आकाराम सर सोमवारपासून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर उभे राहणार, ही गोष्ट शिवांजलीच्या डोक्यातून काही केल्या जाईना. शनिवारी सकाळी शाळेत सरांचा निरोप समारंभ झाला. शाल झाली, नारळ झाला, पेढे वाटून झाले. ती घरी आली, कुकर लावला, वाळलेलं धुणं आत घेतलं, आणि मधेच तिला दिसायचं: निळा गणवेश, डोक्यावर टोपी, आणि सर सुटलेल्या कामगारांच्या पिशव्या तपासतायत. जन्मभर पोरांच्या गराड्यात राहिलेला माणूस फाटकाशेजारच्या खोलीत एकटा बसून करणार काय? तिथं त्याला कुणी सर तरी म्हणेल का?

"अगं, माणूस रिटायर झालाय," तिचा नवरा शिवप्रसाद म्हणाला. त्याचं राजारामपुरीत मोटरपंपांचं दुकान होतं आणि दुपारी जेवायला तो घरी यायचा. "तू तर त्यांना अटक झाल्यासारखं तोंड केलंयस. पोरानं नोकरी लावून दिली. चांगलंच झालं की."

"त्यांना ती नकोय."

"त्यांनी सांगितलं तुला?"

"ते कशाला सांगतील?"

"मग तुला कसं कळलं?"

"माणसाकडं बघून कळतं."

"माझ्याकडं बघून काय कळतंय? भूक लागलीय."

तिनं ताट वाढलं. काळजी करण्यात शिवांजलीचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. एम.एस्सी. झालेली बाई, पण लेकीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट बसलंय का, या विचारानं सकाळी दहा वाजता कासावीस व्हायची. ही काळजी मात्र त्यातली नव्हती. सर गेले की मधल्या सुट्टीत मैदानावर उभं राहायला शाळेकडं माणूस नव्हता. नवीन नेमणूक होईपर्यंत सुट्टीत मैदानाला कुलूप, मुलांनी वर्गातच डबा खायचा आणि वर्गातच बसायचं, असं मुख्याध्यापिका बाईंनी कालच सांगून टाकलं होतं. आणि ते मैदान आज जसं आहे तसं व्हायला एक वर्ष लागलं होतं. सरांच्या आयुष्यातलं सगळ्यात गमतीचं वर्ष.

आकाराम सर मूळचे मुरगूडचे. घरी थोडा ऊस, दोन म्हशी, आणि वडील-चुलत्यांचं रोजचं भांडण. सर लहान असताना एका सकाळी पंच आले, दोरी धरली, खुंट्या ठोकल्या आणि रानाची वाटणी केली. मधे बांध घातला. इतकी वर्षं एकमेकांच्या उरावर बसणारे दोघे भाऊ त्या संध्याकाळी शेजारी बसून जेवले. हे सरांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून जगातलं कुठलंही भांडण दोरी आणि खुंटीनं मिटतं असा त्यांचा ठाम समज झाला.

कॉलेजला ते कोल्हापुरात आले आणि कोल्हापुरात आलेल्या तरण्या पोराला जे होतं तेच त्यांना झालं. फुटबॉलनं धरलं. पेठेतल्या एका संघात त्यांना घेतलं, पण राखीव म्हणून. संघाच्या फोटोत सर आहेत, मागच्या रांगेत उजवीकडून पहिले. मैदानात ते फारसे कधी उतरलेच नाहीत. याचं त्यांना दुःख असावं, पण ते सांगायचे हसत. "माझी जर्सी कधी मळलीच न्हाय. धुवायचा साबण वाचला."

पुढं पी.टी.चं शिक्षण घेऊन ते या शाळेत लागले ते लागलेच. आवाज असा की सरांनी 'सावधान' म्हटलं की पलीकडच्या गल्लीत रिक्षावाले ताठ व्हायचे, असं पोरं म्हणायची. मैदान आखायची पांढरी पूड, जिला सगळे फक्की म्हणतात, ती टाकायचं काम ते शिपायाला कधी देत नसत. बादली घेऊन, वाकून, एका हातानं सोडत सोडत स्वतः रेषा ओढायचे. घरी पँटवर पांढरे डाग घेऊन गेले की शालूबाई, त्यांची बायको, दारातच म्हणायची, "आलं बघा, रांगोळी काढून."

शिवांजलीची आणि सरांची ओळख झाली ती भांडणानं. गेल्या डिसेंबरात तिनं शांभवीला, तेव्हा पाचवीत असलेल्या आपल्या लेकीला, सहज विचारलं होतं, "मधल्या सुट्टीत काय खेळता गं तुम्ही?"

"आम्ही चालतो."

"कुठं चालता?"

"भिंतीकडेनं. या टोकाकडनं त्या टोकाकडं. मग परत येतो."

"रोज?"

"रोज. मधी बॉल असतो ना."

एवढंच. पण ते 'आम्ही चालतो' शिवांजलीच्या मनाला लागलं. दहा-अकरा वर्षांच्या पोरी, आणि डॉक्टरांनी सांगितल्यासारख्या चालतायत. पालकसभेत तिनं घसा खाकरून ते बोलून दाखवलं. सर उभे राहिले. त्यांना राग आला होता.

"शांभवीच्या आई, मैदानाला दार हाय का? पोरीस्नी कोण नको म्हणलंय का? सगळ्यांचंच हाय की ते."

"नको कुणी म्हटलं नाही सर. पण या म्हणूनही कुणी म्हटलेलं नाही."

सभा संपली. सर निघून गेले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मात्र त्यांनी एक गोष्ट केली जी इतक्या वर्षांत केली नव्हती. फुटबॉलकडं पाठ करून ते उभे राहिले, आणि बाकीचं मैदान बघितलं. पोरी दोघी-दोघी हातात हात घालून भिंतीला लागून चालल्या होत्या, वाजंत्री नसलेल्या वरातीसारख्या. नळापाशी बसवेश नावाचा एक किडकिडीत चष्मेवाला मुलगा हात धूत होता. सुट्टी संपेपर्यंत धूत होता. त्याला फुटबॉलमध्ये कुणी घेत नसे आणि पोरींबरोबर चालायची चोरी, म्हणून त्यानं स्वतःला ते काम लावून घेतलं होतं. सरांनी हे नंतर शिवांजलीला सांगितलं तेव्हा म्हणाले, "त्या पोराइतकं स्वच्छ हात असलेलं पोरगं कोल्हापुरात न्हाय बघा. आणि मला दिसलंच न्हवतं."

मग सरांनी उपाय काढला. मुरगूडच्या माणसानं काढावा तोच काढला. वाटणी केली.

शनिवारी दोरी आणली, खुंट्या आणल्या. एक मुलगा आणि एक मुलगी पंच म्हणून दोन टोकांना उभे केले. मैदानाच्या बरोबर मधोमध फक्कीची जाड रेघ ओढली. अलीकडं मुली, पलीकडं मुलगे. "हा बांध," सर त्या आवाजात म्हणाले. "ह्याच्या अलीकडं ह्यांचं रान, पलीकडं त्यांचं. कुणी कुणाच्या रानात शिरायचं न्हाय. मिटलं?"

पोरं म्हणाली, मिटलं. सर खुशीत घरी गेले. शालूबाईनं विचारलं, "आज लईच पांढरं झालायसा?" ते म्हणाले, "न्याय केला आज."

आता बांध म्हटला की काय होतं हे सरांना माहीत असायला हवं होतं. बांधाची पहिली गोष्ट म्हणजे तो कोरला जातो. शेजारी दर वर्षी नांगराचा एक फेर आत घालतो आणि वर तोंड करून म्हणतो, बांध इथंच होता. पोरांनी तेच केलं. येताजाता बुटानं रेघ पुसायची, आणि सर पुन्हा आखायला आले की "सर, इथं होती, हे बघा" म्हणून वीतभर पलीकडं दाखवायची. आठवड्याभरात पोरींचं अर्धं मैदान पाव झालं. आणि पोरी? त्यांना रान मिळालं पण सवय मोडेना. भिंतीकडेनं चालायच्या त्या आता जरा मोठा वळसा घालून चालायला लागल्या. बसवेश तर दोन्हीकडचा नव्हता. तो बरोबर बांधावर उभा राहायला लागला.

"रान दिलं," सर शिक्षकांच्या खोलीत कपाळाला हात लावून म्हणाले. "आता पेरायचं काय ते बी मीच सांगू?"

पेरलं ते अनुजानं. अनुजा शांभवीच्या वर्गातली, शिकायला म्हणून मामाकडं राहिलेली. बाकी सगळी वाढ आजोबांच्या शेतावर झालेली. एके दिवशी मोठ्या पोरांचा फुटबॉल उडत रेघेच्या अलीकडं आला. एरवी पोरी बाजूला व्हायच्या आणि कुणीतरी पोरगा पळत येऊन घेऊन जायचा. अनुजानं तो उचलला, काखेत मारला, आणि जिन्याखाली जिथं मोडकी बाकं ठेवायची लोखंडी जाळी होती, तिच्यात टाकून कडी लावली.

विश्वजित पळत आला. सहावीतला, फुटबॉलचा म्होरक्या. "ए, बॉल दे."

"न्हाय."

"का?"

"तुमचं जनावर आमच्या रानात शिरलं. कोंडवाड्यात घातलंय."

"कसला कोंडवाडा?"

"आमच्या गावात होता. मोकाट ढोरं त्यात घालत्यात. आजा सांगतोय. दंड भरल्याबिगर सोडत न्हाईत."

"माझ्याकडं पैसं न्हाईत."

"पैसं कोण मागतंय? फुगडी घाल एक."

पोरी गोळा झाल्या. पोरं गोळा झाली. विश्वजित म्हणाला, आपण मरेन पण फुगडी घालणार नाही. अनुजा म्हणाली, मग बॉल इथंच राहील, त्याला रोज वैरण घालू आम्ही. घंटेला थोडाच वेळ राहिला होता आणि मॅच बरोबरीत होती. शेवटी विश्वजितनं इकडंतिकडं बघत शांभवीचे हात धरले. फुगडी अशी काही सोपी गोष्ट नाही. पाय जुळवून मागं रेलावं लागतं आणि समोरच्याच्या हातांवर भरवसा ठेवावा लागतो. विश्वजितनं भरवसा ठेवला नाही आणि तो धुळीत बसला. मैदान हसलं. तोही हसला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. दुसऱ्यांदा तो नीट रेलला आणि दोघं अशी गरगरली की शांभवीची रिबन उडून नळावर जाऊन पडली. बॉल सुटला.

दुसऱ्या दिवशी बॉल तीनदा अलीकडं आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तर पोरं नेम धरून मारायला लागली. दंड म्हणून कधी फुगडी, कधी लंगडी, कधी दोरीवरच्या उड्या. शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून सर बघत होते आणि त्यांना कळेना की ओरडावं की नको.

ओरडायला माणूस बाहेरून आला. विश्वजितचे वडील विजयसिंह. पेठेत त्यांचा दबदबा, एकेकाळचे सेंटर फॉरवर्ड, आणि ज्या संघात सर राखीव होते त्याच संघातले. मधल्या सुट्टीत ते फाटकातून आत आले ते थेट मैदानात. शिवांजली तेव्हा फाटकाशीच उभी होती. शांभवी स्वेटर विसरली होती आणि हवेत गारवा होता. त्यामुळं पुढचं सगळं तिनं स्वतः पाहिलं.

"आक्या," विजयसिंह लांबूनच म्हणाले, "पोरांना फुगड्या शिकवाय पगार घेतोस व्हय रं? माझं पोरगं काल घरात आईबरोबर फुगडी घालाय लागलंय. आरं फुटबॉल खेळणाऱ्या घरातलं हाय ते."

"मी न्हाय शिकवली," सर म्हणाले. "दंड हाय तो."

"कसला दंड? कुणी लावला?"

सर काही बोलणार तेवढ्यात कुणाचा तरी पास चुकला आणि बॉल घरंगळत विजयसिंहांच्या पायापाशी येऊन थांबला. आता सेंटर फॉरवर्डच्या पायाशी बॉल आल्यावर तो काय करणार? बोलणं अर्धं सोडून त्यांनी उजवा पाय मागं घेतला आणि असा हाणला की बॉल सगळ्या पोरांच्या डोक्यांवरून, बांधावरून, पोरींच्या रानाच्या पार टोकाला भिंतीवर आदळला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. विजयसिंहांनी मिशीवरून हात फिरवला.

अनुजा बॉल काखेत घेऊन आली. "पावणं, दंड हाय."

"काय?"

"बॉल तुम्ही मारला. सगळ्यांनी बघितलंय."

विजयसिंहांनी मुलाकडं बघितलं. विश्वजित खाली मान घालून म्हणाला, "पप्पा, नियम हाय. घालाय लागतीया."

"मी?" ते म्हणाले. "आणि कुणाबरोबर घालू?"

मैदानातली सगळी डोकी हळूहळू आकाराम सरांकडं वळली.

"ए, न्हाय हां," सर म्हणाले.

"का रं?" विजयसिंहांना आता चेव आला होता. "एवढी वर्सं बाकड्यावर बसलायस. ये की मैदानात."

ते जे पाहिलं ते शिवांजली जन्मात विसरणार नाही. दोन धिप्पाड माणसं, दोघांची पोटं मधे येतायत, हात पोहोचता पोहोचत नाहीत. सरांच्या गळ्यातली शिट्टी उडून कानाला बसतेय. विजयसिंहांची एक चप्पल सुटून बसवेशच्या पायापाशी गेली. पहिला फेर म्हशी वळाव्यात तसा झाला. मग काय झालं कुणास ठाऊक, दोघांना ताल सापडला. बांधाच्या बरोबर वर दोघं गरगर फिरायला लागले आणि पायांखालची फक्की अशी उडाली की क्षणभर दोघंही दिसेनात. पोरं ओरडत होती, पोरी ओरडत होत्या. मुख्याध्यापिका बाई वरच्या गॅलरीत आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. शिवांजलीच्या हातातला स्वेटर कधी खाली पडला तिला कळलं नाही. ती इतकी हसली की तिला रडू आलं.

दोघं थांबले तेव्हा मैदानाच्या मधोमध बांध नव्हता. नुसता एक मोठा पांढरा डाग होता. विजयसिंह कमरेवर हात ठेवून धापा टाकत म्हणाले, "आक्या, तुझी ग्रिप चांगली हाय. तुला गोलकीपर कराय पायजे होतं."

बसवेशनं चप्पल आणून दिली.

संध्याकाळी सर फक्कीची बादली घेऊन मैदानात गेले. बराच वेळ त्या डागापाशी उभे राहिले आणि बादली तशीच परत घेऊन आले. त्यांनी पुन्हा रेघ मारली नाही. सोमवारी प्रार्थनेला म्हणाले, "माझं चुकलं. मी रान वाटत बसलो. आमच्या मुरगूडला वेदगंगेचं पाणी येतंय. ते काय कापून वाटत न्हाईत. त्याला नंबर असतोय. आज ह्याचा, उद्या त्याचा. ज्याचा नंबर, सगळं पाणी त्याचं. हितनं पुढं मैदानाला नंबर."

अशी ती पद्धत पडली. पाचवी आणि सहावीतला रोज एक जण. मुलगा असो, मुलगी असो, हजेरीच्या क्रमानं. ज्याचा नंबर त्यानं खेळ सांगायचा, सगळं मैदान त्या खेळाचं, आणि खेळायला येईल त्याला घ्यायचं. कुणाला नको म्हणायचं नाही, कुणाला ओढायचंही नाही. सर शिट्टी घेऊन उभे. पहिल्या आठवड्यात लगोरी झाली, विषामृत झालं, खो-खो झाला. विश्वजितनं आपल्या नंबरला फुटबॉलच सांगितला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या संघात मुली होत्या, कारण नियम होता. आणि शांभवीचा नंबर आला तेव्हा तिनंही फुटबॉल सांगितला.

त्या दिवशी शिवांजली पट्टी आणि मलम घेऊन सुट्टीआधीच फाटकाशी हजर. शांभवी दोनदा पडली, गुडघा सोलला, उठली, पुन्हा पळाली. शिवांजली आत धावणार तेवढ्यात सरांनी हात आडवा केला.

"शांभवीच्या आई, ती रडली का?"

"नाही."

"मग तुम्ही का रडताय? असं करा, तुमचा बी एक नंबर लावतो."

ते थट्टा करत नव्हते. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी खरंच त्यांनी तिला बोलावलं. तिनं लंगडी सांगितली. पदर खोचला आणि एका पायावर, शाळा सोडल्यावर कधीच घातली नव्हती ती लंगडी घालत, पोरांच्या मागं लागली. बसवेश तिच्या हाती लागला. तो इतका आनंदला की बाद झाल्याचं त्यानं घरी तिघांना सांगितलं. त्या रात्री शिवांजलीची पिंढरी दुखत होती आणि ती शिवप्रसादला ते पुनःपुन्हा सांगत होती. तोही ऐकत होता, कारण ती लेकीच्या बाटलीबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

तर असं ते वर्ष. आणि आता नोव्हेंबर संपत आला होता, सर अठ्ठावन्न वर्षांचे झाले होते, आणि त्यांचा मुलगा धैर्यशील, जो कागलच्या एमआयडीसीत मशीन शॉपला होता, त्यानं आपल्या साहेबांकडं शब्द टाकून वडिलांना कारखान्याच्या फाटकावर जागा मिळवून दिली होती.

समारंभात पेढ्यांच्या वेळी शिवांजलीनं मुख्याध्यापिका बाईंना गाठलं. "सुट्टीपुरते सर येऊ शकणार नाहीत का? असंच, मानद म्हणून?"

"मला तर हवेच आहेत," बाई म्हणाल्या. "संस्थेचीही ना नाही, मी विचारलंय. पण मुलानं नोकरी लावून दिली, सर हो म्हणून बसले. आता त्यात मी कशी मोडता घालू?"

मग ती सरांकडं गेली. गळ्यात हार, हातात नारळ, दोन्हींचं काय करावं हे न कळलेले सर एका खुर्चीत बसले होते.

"सर, तुम्हाला जायचंय का कागलला?"

"जायला पायजे की." त्यांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. "पोरानं साहेबाकडं शब्द टाकलाय. मी मागं सरलो तर त्याचं तोंड कसं ऱ्हाईल?"

"पण तुम्हाला?"

"मला काय. उभं ऱ्हायची सवयच हाय." ते हसले, आणि खिडकीतून मैदानाकडं बघत राहिले.

शालूबाईनं हे ऐकलं होतं. तिनं शिवांजलीला कोपऱ्यात ओढलं.

"ऐका ओ, शांभवीच्या आई. धैर्या म्हणतोय, बाबांना घरात करमायचं न्हाय, म्हणून लावलं. हे म्हणत्यात, पोराची हौस हाय, म्हणून जातो. दोघं बी एकमेकासाठी मराय लागल्यात आणि मी मधी भाकरी बडवतोय."

"तुम्ही सांगा की धैर्यशीलना."

"मी सांगितलं तर म्हणंल, आईला बाबा लांब गेल्यालं सोसंना. घरातल्याचं कोण ऐकतंय? भायेरच्या माणसानं सांगाय पायजे." तिनं पिशवीतून मोबाईल काढला. "नंबर देऊ का त्याचा?"

शिवांजलीनं नंबर घेतला. रविवार उजाडला तरी तो तसाच मोबाईलमध्ये पडून होता. तिनं गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, पुन्हा घातलं. ती धैर्यशीलला कधी भेटली नव्हती. तो म्हणेल, तुम्ही कोण? तो म्हणेल, आमच्या घरात लक्ष घालायचं तुम्हाला कारण काय? आणि समजा त्यानं ऐकलं, सर थांबले, आणि घरी बापलेकात वाकडं आलं, तर ते कुणाच्या माथ्यावर?

"अजून तेच चाललंय?" शिवप्रसाद पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

"त्यांना राग आला तर?"

"येऊ दे की. फोनवरनं मारता येत न्हाय."

शांभवी आतून एक जुना खोका घेऊन आली. त्यात सपाट दगड होते, पंचगंगेच्या घाटावरून वेचून आणलेले. ती ते जमिनीवर एकावर एक रचून बघायला लागली.

"हे कशाला?" शिवांजलीनं विचारलं.

"बसवेशनं सांगितलंय सगळ्यांना आणायला. उद्या त्याचा नंबर हाय. त्यानं दोन लगोऱ्या सांगितल्यात, एकदम दोन. अशी कुणीच खेळली न्हाय अजून." शांभवीनं वरचा दगड नीट बसवला. "आई, उद्या कुलूप लागलं तर त्याचा नंबर पुढं जातो का संपतो?"

शिवांजलीनं झारी खाली ठेवली, ओले हात पदराला पुसले, मोबाईल घेतला आणि धैर्यशीलचा नंबर लावला. तिकडं घंटी वाजायला लागली. शिवप्रसादनं पेपर मिटला. शांभवीनं वर बघितलं.

"हॅलो," पलीकडून एक तरुण आवाज आला. "कोण बोलतंय?"

"मी शांभवीची आई," ती म्हणाली. "आकाराम सरांविषयी बोलायचंय. पाच मिनिटं आहेत का तुम्हाला?"